चौथा भिडू

साठी उलटल्यावर नवा खेळ शिकायला बसलं, की नातवंडं आधी हसून घेतात. माहजाँगच्या १४४ सोंगट्या पाहून मीही बिचकलो. पण बँकेत उभं आयुष्य गेलेल्या माणसाला त्यात एक ओळख पटली. सोंगट्यांचे तीन मुख्य संच म्हणजे चक्क पैसा! गोल म्हणजे नाणी, बांबू म्हणजे दोरीत ओवलेल्या नाण्यांच्या माळा आणि तिसऱ्या संचातलं ‘वान’ म्हणजे दहा हजार. एकोणिसाव्या शतकातल्या चीनने हा हिशेबच खेळात आणला.

नियम रमीच्या वळणाचे. हातात तेरा सोंगट्या. एक उचलायची, एक टाकायची. तीन सारख्या किंवा ओळीने तीन, असे चार गट आणि एक जोडी जमली की डाव आपला. जमवणं लवकर येतं. टाकणं मात्र शिकावं लागतं. ‘लागेल कधीतरी’ म्हणून जुन्या पावत्या जपणाऱ्या आमच्या पिढीला तर फारच.

सांस्कृतिक क्रांतीच्या काळात चीनमध्ये हा खेळ दडपला गेला. १९९८ साली तिथल्याच सरकारने त्याला क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली. तो तगला कसा? मला वाटतं, त्याला चार माणसं लागतात म्हणून. नौदलातून निवृत्त झालेल्या आमच्या शेजाऱ्यांचा चौथा भिडू मुलाकडे परदेशी गेला आणि मला बोलावणं आलं. पेन्शन दरमहा येते हो. पण ‘तुमच्यावाचून डाव अडलाय’ हा निरोप या वयात कितीजणांना येतो?