लेण्यातला बचत गट

आमच्या बचत गटाची सहल म्हणजे शिर्डी, नाहीतर वणी. यंदा मात्र गटातल्या एका निवृत्त शिक्षिकेने (आम्ही सगळ्या त्यांना बाईच म्हणतो) हट्टच धरला, नाशिकची पांडवलेणी बघायचीच. एस.टी.त २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खर्चाची सबबही चालेना. सकाळी सातला संगमनेरच्या स्टँडवर आम्ही चौदा जणी जमलो. पंधरावी आली नाही. का आली नाही ते सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी विचारलंही नाही.

तिच्या नवऱ्याचं दुखणं वर्षभराचं. आधीच्या कर्जाचे तीन हप्ते थकलेले, त्यात तिने औषधासाठी परत पाच हजार मागितले. मागच्या बैठकीत आम्ही ‘नियमात बसत नाही’ म्हणून नाही म्हटलं. मीही हात वर केला होता.

मुंबई-आग्रा महामार्गालगत, नाशिकच्या दक्षिणेला हा त्रिरश्मी डोंगर. पायऱ्या चढताना गुडघे बोलायला लागतात, पण वर गेलं की वारा असा लागतो की दम विसरायला होतं. एका ओळीत चोवीस लेणी. नावात पांडव असले तरी त्यांचा इथे काही संबंध नाही. ही बौद्ध भिक्षूंची वस्ती, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. पावसाळ्यात भिक्षू गावोगाव न फिरता अशा ठिकाणी मुक्काम करत. खोल्या एवढ्याशा, निजायला दगडी ओटा, बाहेर पाण्याचं टाकं. “एवढ्याच सामानात संसार झाला असता तर!” असं एकजण म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

तीन नंबरचं लेणं एका आईने दिलेलं आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी, त्याची आई गौतमी बलश्री. भिंतीवरच्या ब्राह्मी लेखात तिने मुलाचे पराक्रम सांगितले आहेत, आणि तो आईची अखंड सेवा करायचा हेही. “हे आमच्या पोरांना वाचून दाखवा,” असं लगेच कुणीतरी म्हणालं. गंमत पुढे आहे. या गौतमीपुत्राने ज्या क्षत्रप नहपानाचा पाडाव केला, त्याची मुलगी दक्षमित्रा हिने दहा नंबरच्या लेण्यात एक खोली दान दिली आहे. जिंकणाऱ्याची आई आणि हरलेल्याची लेक, दोघींची दानं एकाच डोंगरावर!

दक्षमित्रेचा नवरा उषवदात. त्याचा लेख बाई सांगायला लागल्या, तशी आमची खजिनदार पुढे सरकली. त्याने विणकरांच्या एका श्रेणीकडे (श्रेणी म्हणजे कारागिरांचा संघ) दोन हजार कार्षापण ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजाने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. त्यातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना कपड्यांसाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. खजिनदारीणबाईंनी तिथेच बोटं मोजली. “दोन हजारावर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस जणांना बारा-बारा. अहो, हिशेब बरोब्बर जुळतोय की!” दोन हजार वर्षांपूर्वीचा हिशेब जुळल्याचा तिला एवढा आनंद झाला की बाकीचं लेणं तिने पाहिलंच नाही. आमच्या गटाचा दर शेकडा दोन आहे, हे मात्र ती हळूच म्हणाली.

मग बाईंनी त्याच लेण्यातला आणखी एक लेख सांगितला, आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला. विष्णुदत्ता नावाच्या शक बाईने वेगवेगळ्या श्रेणींकडे पैसे ठेवले, त्यात तेल गाळणारे होते, पाण्याची यंत्रं करणारे होते. कशासाठी? आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी. भिक्षू कुठलेही असोत, आजारी पडला की औषध मिळावं एवढंच.

कुणी काही बोललं नाही. एकीने पदर सारखा केला, एकजण उगाचच पाण्याच्या टाक्याकडे गेली. बाईंनी हे मुद्दाम सांगितलं की सहज, मी अजून विचारलेलं नाही.

परतीच्या एस.टी.त सिन्नरपर्यंत गाणी झाली नाहीत. सिन्नरला खजिनदार माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, “वहिनी, औषधाची रक्कम वेगळी काढली तर? दर महिन्याला वीस रुपये जास्तीचे.”

सोमवारच्या बैठकीत विषय निघाला. औषधनिधी काढायचा ठराव झाला, पण थकबाकी असलेल्या बाईला त्यातून द्यायचं का, यावर दोघी अडून बसल्या. त्यांचंही चूक नाही, शेवटी पैसा सगळ्यांचा. ते पुढच्या बैठकीवर गेलंय. तोवर आम्ही पाच जणींनी घरखर्चातले जमतील तेवढे काढून तिच्याकडे पोचवले. मला वाटलं, ती रागावलेली असेल. तिने पैसे डब्यात ठेवले, चहा टाकला आणि विचारलं, “पायऱ्या फार आहेत का गं?”