जुन्नरच्या हवेत भरलंय काय?

समजा, 1972च्या दुष्काळात नारायणगावच्या स्टँडवरून एसटीत बसून गेलेला एक विशीतला पोरगा आज सत्तरी ओलांडून गावी परतला. मधल्या काळात त्याने काही पाहिलं नाही, वाचलं नाही, ऐकलंही नाही. (इतकी वर्षं होता कुठे, हे विचारू नका. कल्पनेतल्या माणसाला रहिवासी दाखला लागत नाही.) आता त्याचं वय पाहता आपण त्याला आबा म्हणू. या आबांना सगळ्यात जास्त नवल कशाचं वाटेल?

द्राक्षबागा पाहून ते हरखतील, पण शेतकऱ्याच्या पोराला बाग दोन मिनिटांत कळते. ठिबकची नळी हातात घेऊन म्हणतील, "बरी अक्कल चालवली!" आणि पुढे जातील. बायपास, उड्डाणपूल, चकचकीत गाड्या यांचंही तसंच. रस्ता आणि गाडी त्यांनी पाहिलेली आहे. आता ती मोठी झाली, एवढंच. डोळ्यांना दिसणारा बदल माणूस लवकर पचवतो. आबांची खरी दांडी गुल होईल ती जिथे काहीच दिसत नाही तिथे, म्हणजे हवेत.

सुरुवात चाळकवाडीच्या टोलनाक्यापासून करू. आळेफाटा सोडून आपण नारायणगावकडे निघालोय. नाक्यावर गाडी हळू झाली, आडवा दांडा वर गेला, गाडी पुढे. कोणी पैसे मागितले नाहीत, कोणी पावती फाडली नाही. आबा विचारतात, "नाकेवाला ओळखीचा का?"

त्यांना समोरच्या काचेवर चिकटवलेला फास्टॅग दाखवा. हा कागद नाक्यावरच्या यंत्राशी बोलतो. पण बोलायला ताकद लागते. याची बॅटरी कुठाय? शोधा. उलटा करून पाहा, उजेडात धरून पाहा. नाहीच!

मग हा बोलतो कसा? नाक्यावर वर बसवलेला रीडर एक रेडिओलहर सोडतो, सेकंदाला सुमारे साडेशहाऐंशी कोटी हेलकावे खाणारी. टॅगच्या आत धातूच्या पातळ पत्र्याची अँटेना असते आणि तिच्या मधोमध मोहरीपेक्षा लहान चिप. लहर अँटेनावर पडते, तिच्यातल्या चिमूटभर ऊर्जेवर ती चिप जागी होते. स्वतःची लहर सोडायची तिची ऐपत नसते. म्हणून ती आलेलीच लहर परत फिरवते, क्षणात जास्त, क्षणात कमी. आपण लहानपणी उन्हात आरसा धरून समोरच्याच्या तोंडावर कवडसा पाडायचो, मध्येच हात आडवा धरायचो, काढायचो, तसंच. त्या उघडझापीत टॅगचा क्रमांक असतो. प्रश्न विचारणाऱ्याच्याच ताकदीवर त्याला उत्तर!

आणि हे घडतं कुठे, तर जुन्नर तालुक्यात. याच तालुक्याच्या पश्चिम टोकाला नाणेघाटाच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. शेजारच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, दोन हजार वर्षांहून जुना. यज्ञात दान दिलेल्या गाई आणि कार्षापणांचे आकडे त्यात कोरलेत. भारतातल्या सगळ्यात जुन्या अंकांपैकी ते आहेत. गंमत म्हणजे दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. शून्य कुठेच नाही. काचेवरच्या चिपचं मात्र शून्यावाचून पान हलत नाही. तिला शून्य आणि एक, दोनच अंक येतात.

टोल संपला. आता फोन. आबा गेले त्याच वर्षी, 1972 साली, नारायणगावजवळच्या आर्वीला उपग्रह भूकेंद्राचं लोकार्पण झालं होतं. टपाल खात्याने त्याचं तिकीटही काढलं. पुढे या केंद्राला डॉ. विक्रम साराभाईंचं नाव मिळालं. जवळजवळ 30 मीटर व्यासाची एकच तबकडी, रोखलेली हिंदी महासागरावरच्या उपग्रहाकडे. विषुववृत्तावर 36,000 किलोमीटर उंचीवर उपग्रह ठेवला की तो पृथ्वीबरोबरच फिरतो आणि खालून पाहणाऱ्याला जागचा हलत नाही. परदेशातला माणूस बोलायचा, त्याचा आवाज वर जायचा, तिथून आर्वीच्या तबकडीत उतरायचा. जायला 36,000, यायला 36,000. प्रकाशाच्या वेगानेही पाव सेकंद लागायचा. म्हणजे तुम्ही "कसा आहेस?" विचारल्यावर "बरा आहे" कानावर पडेपर्यंत अर्धा सेकंद शांतता. त्या अर्ध्या सेकंदात दोघंही पुन्हा एकदम बोलायला लागत आणि गोंधळ उडे.

आता आबांचा नातू खिशातून फोन काढून अमेरिकेतल्या बहिणीला चेहऱ्यासकट समोर आणतो. आबा हुशार. ते आकाशाकडे बघून म्हणतील, "आर्वीवरून आलं ना?" आणि इथे त्यांना दुसरा धक्का द्यायचा: नाही आबा, खालून आलं! आकाशवाट मागे पडली. फोनपासून जवळच्या टॉवरपर्यंत, म्हणजे फार तर एखाद-दोन किलोमीटर, हे बोलणं रेडिओलहरींवर जातं. टॉवरच्या पुढे बहुतेक सगळा प्रवास जमिनीखालून आणि समुद्राच्या तळावरून, केसाएवढ्या जाडीच्या काचेच्या तंतूतून, प्रकाशाच्या रूपात. अंतर कमी म्हणून ती शांतताही कमी. माणसाने आधी आभाळ गाठलं आणि मग पुन्हा समुद्रात उतरला. असा उलटा प्रवास दुसऱ्या कुठल्या शोधाने केलाय, मला आठवत नाही.

आबांचं आजोळ आंबेगावचं. "तिकडे नेशील का?" असं ते नातवाला म्हणतात. घोडेगाव मागे टाकून गाडी डिंभ्याला पोचते आणि नकाशावरचा निळा ठिपका पाण्याच्या काठावर येऊन थांबतो. पुढे हुतात्मा बाबू गेनू सागर. आंबेगाव हे गाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाखाली गेलं. तालुक्याला नाव तेवढं उरलं. याचं दुःख वेगळं आणि ते मोठं आहे. त्यावर फोनकडे इलाज नाही. पण तो ठिपका बरोबर काठावर कसा थांबला, हे आबांना कळायला हवं.

डोक्यावर सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून जीपीएसचे उपग्रह फिरतात. प्रत्येकात अणुघड्याळ. प्रत्येक जण सतत एकच रट लावून असतो: मी अमुक, आत्ता मी इथे, आणि आत्ता इतके वाजले. फोन काही पाठवत नाही, नुसता ऐकतो. कोणाची हाक किती उशिरा आली त्यावरून कोण किती लांब हे काढतो. चार उपग्रह मिळाले की जागा पक्की. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर अंतर 300 मीटरने चुकतं. म्हणजे भिस्त सगळी घड्याळावर.

पण वर गेलेलं घड्याळ खालच्यासारखं चालत नाही! आइनस्टाइनने 1905 आणि 1915 साली मांडलं होतं: वेगाने धावणारं घड्याळ मागे पडतं, आणि पृथ्वीपासून लांब, जिथे गुरुत्वाकर्षण कमी, तिथलं घड्याळ पुढे जातं. दोन्हींची वजाबाकी केली की उपग्रहाचं घड्याळ दिवसाला सेकंदाच्या 38 दशलक्षांश भागाने पुढे पळतं. ही दुरुस्ती आधीच करून ठेवली नसती तर दिवसाकाठी दहा-अकरा किलोमीटरची चूक साचत गेली असती. सकाळी नारायणगावात उभा असलेला माणूस दुसऱ्या दिवशी जागचा न हलता फोनवर खोडद गावाच्या आसपास दिसला असता. सापेक्षतावाद समजणारे लोक जगात मोजके, असं आबांच्या तरुणपणी म्हणायचे. आज तो पिकअपवाल्याला टोमॅटोच्या शेताची वाट दाखवतो.

ही जागा ओळखायची कला माणसापुरती राहिलेली नाही. आबांच्या वेळी बिबट्या म्हणजे घाटातल्या जंगलातला. आज तो उसात जन्मतो आणि उसातच वाढतो, आणि संध्याकाळी शेतात जायला माणसं धजावत नाहीत. 2009 साली विद्या अत्रेय यांच्या गटाने एका प्रौढ बिबट्याच्या गळ्यात जीपीएसचा पट्टा घालून त्याला माळशेज घाटात सोडलं. नाव ठेवलं आजोबा. हा आजोबा चालत सुटला तो थेट मुंबईत, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात! सुमारे 120 किलोमीटर, महामार्ग आणि रेल्वेमार्ग ओलांडून, लोकवस्तीच्या कडेकडेने, कोणाला न दिसता. पट्टा नसता तर हे कोणी सांगितलं असतं आणि कोणी मानलं असतं? 2011च्या अखेरीस घोडबंदर भागात वाहनाच्या धडकेने एक बिबट्या मेला. तो आजोबाच, हे कळलं त्याच्या अंगात बसवलेल्या चिपवरून. तिलाही बॅटरी नव्हती. वाचणारं यंत्र जवळ आलं की जागी होणारी, त्या फास्टॅगच्याच भाऊबंदांतली.

आणि आता खोडद.

इथे आबांना आधी काही सांगूच नये, नुसतं नेऊन उभं करावं. शेतांच्या मध्ये 45 मीटर व्यासाच्या प्रचंड तबकड्या. एक नाही, तीस. त्यांतल्या 14 साधारण एका चौरस किलोमीटरच्या जागेत, उरलेल्या 16 तीन दिशांना पसरलेल्या; टोकाच्या दोन तबकड्यांमध्ये 25 किलोमीटर अंतर. कुठे उसाच्या पलीकडून एक डोकावते, कुठे माळावर एक उभी. ही जीएमआरटी, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातल्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची दुर्बीण. मीटरभर लांबीच्या लहरींवर काम करणाऱ्या जगातल्या सगळ्यात मोठ्या दुर्बिणींत तिची गणना होते.

जवळ जाऊन पाहिलं की पहिला प्रश्न पडतो: अहो, ही तर आरपार दिसते! पत्रा नाहीच. अर्ध्या मिलिमीटरहून थोड्या जाड स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी, भोकं एक ते दोन सेंटिमीटरची, खालून तारांच्या दोरांनी ताणलेली. ही प्राध्यापक गोविंद स्वरूप यांची कल्पना, आणि माझ्या मते या साऱ्या वाटेवरची सगळ्यात देखणी. इथे पकडायच्या लहरी वीस सेंटिमीटरपासून मीटर-दोन मीटर लांबीच्या. एवढ्या लांब लहरीला सेंटिमीटरभराचं भोक जाणवतच नाही. तिच्या लेखी ती सलग भिंत, ती परावर्तित होते. वारा मात्र भोकांतून निघून जातो. वारा अडला नाही म्हणून सांगाडा हलका, सांगाडा हलका म्हणून खर्च कमी, खर्च कमी म्हणून एकाऐवजी तीस! श्रीमंत देशांनी पैसा ओतून सोडवायचं कोडं या माणसाने भोकांनी सोडवलं.

तीस का हव्यात? 25 किलोमीटर रुंद एकच तबकडी बांधता येत नाही म्हणून. प्रत्येकीने ऐकलेलं काचतंतूवरून मध्यवर्ती इमारतीत येतं आणि तिथे संगणक दर दोघींचं ऐकलेलं ताडून पाहतो. तीस तबकड्यांच्या जोड्या किती? 435. शिवाय पृथ्वी फिरते आहे, म्हणजे आकाशातून पाहिलं तर या जोड्यांचे कोन तासागणिक बदलतात. आठ-दहा तास एकाच ठिकाणी नजर ठेवली की पृथ्वीच्याच फिरण्याने ती अशक्य तबकडी थोडी थोडी भरत जाते. फुकटात!

किती बारीक ऐकू येतं? तुमचा फोन चंद्रावर नेऊन चालू केला, तर रेडिओलहरींच्या आकाशात तो ठळक दिव्यांपैकी एक ठरेल. जीएमआरटी त्याहून लाखपट मंद दिवे टिपते. 19 ऑक्टोबर 2016 रोजी युरोपचं शियापारेल्ली हे यान मंगळावर उतरत होतं. पृथ्वीपासून साडेसतरा कोटी किलोमीटरवर, आणि त्याचा प्रेषक जेमतेम काही वॉटचा. ती कुजबुज खोडदने पकडली. लहर इथे पोचायला पावणेदहा मिनिटं लागत होती. हवाईछत्री उघडल्यानंतरही ती येत राहिली आणि उतरायच्या थोडं आधी बंद पडली. यान आदळून फुटलं होतं. काहीतरी बिनसलं, याची पहिली खूण आपल्या जुन्नर तालुक्यात उमटली.

2023च्या जानेवारीत अर्णब चक्रवर्ती आणि निरुपम रॉय यांनी याच दुर्बिणीने एका दूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनची लहर टिपल्याचं जाहीर केलं. ती तिथून निघाली तेव्हा 21 सेंटिमीटर लांब होती. विश्व प्रसरण पावताना ताणली जाऊन इथे पोचेपर्यंत 48 सेंटिमीटरची झाली. वाटेत तिने 880 कोटी वर्षं घालवली. ती निघाली तेव्हा पृथ्वी नव्हती, सूर्यही नव्हता. आणि येऊन पडली कुठे, तर खोडदच्या जाळीवर.

आता अडचण पाहा. ज्या हवेत फास्टॅग, फोन आणि टॉवर यांची जत्रा भरली आहे, त्याच हवेत ही कुजबुज ऐकायची आहे. भोवती डोंगर आणि शहरांचा गोंगाट लांब, हे जागा निवडण्याचं एक मोठं कारण होतं. पण आता गोंगाट प्रत्येकाच्या खिशात आलाय. आसपास उद्योग काढायचा तर दुर्बिणीचा विचार करावा लागतो, पुणे-नाशिक रेल्वेचा आखलेला मार्गही तिच्यामुळे बदलायची वेळ आली. रेल्वेची वाट पाहणारे लोक कुरकुरतात आणि त्यांचं अगदीच चुकतं असं नाही. तरी मला विचाराल तर रेल्वे दुसऱ्या वाटेने नेता येते. तीस तबकड्यांना दुसरी शांतता कुठून आणायची?

तुमच्या घरात असे आबा असोत वा नसोत, 28 फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला खोडदला जा. शाळकरी पोरं आपापले प्रयोग घेऊन येतात, शास्त्रज्ञ समोर उभे राहून समजावून सांगतात, कितीही बाळबोध प्रश्न विचारला तरी कोणी हसत नाही. फक्त गेटपाशी पोचायच्या आधी फोन बंद करा. नुसता सायलेंटवर टाकू नका. सायलेंटवरचा फोनही टॉवरशी बोलतच असतो.