आधी तुमचे दहा टक्के

२००३-०४ साली आमच्या गावात नळयोजना आली. मी तेव्हा नववीत होतो. नव्वद टक्के पैसा सरकारचा आणि दहा टक्के लोकवर्गणी, असा नियम होता. बागायतदारांनी आणि दुकानदारांनी आपली वर्गणी एका बैठकीत उभी केली. आमच्या वस्तीत आठवड्याच्या मजुरीतून ती गोळा होईपर्यंत चार महिने गेले. तोवर पाइप गावठाणापुरता टाकून झाला होता. आम्हांला पाणी कोणी नाकारले नव्हते. सारे नियमाप्रमाणेच घडले होते. पुढे अर्थशास्त्र शिकवू लागलो तेव्हा कळले, की या नियमाला मॅचिंग ग्रँट म्हणतात. मराठीत आपण तिला जोडअनुदान म्हणू. तुम्ही इतके आणा, मग आम्ही त्यात इतके घालू, हा तिचा गाभा.

आयटीआय आणि पॉलिटेक्निकमधून बाहेर पडलेली आपली मुले आता नोकरीऐवजी स्वतःचे मशीन टाकण्याची भाषा बोलू लागली आहेत. त्यांच्यासाठी अशी जोडअनुदाने आहेत. कार्यकर्ते या योजनांची पत्रके वाटतात, पण पत्रकातल्या टक्केवारीचा क्रम फारसा कोणी वाचत नाही. सारे राजकारण त्या क्रमात दडलेले असते.

हा विचार सर्वांत ठळकपणे राबवला गेला तो अमेरिकेत. तेथे १९८२ साली एक कायदा झाला. संशोधनावर बाहेर मोठा खर्च करणाऱ्या केंद्रीय खात्यांनी त्यातला ठरावीक हिस्सा छोट्या कंपन्यांसाठी राखून ठेवावा, असे त्याने ठरवले. हा हिस्सा वाढत वाढत ३.२ टक्क्यांवर गेला. पहिल्या टप्प्यात कल्पना तपासण्यासाठी पैसा, दुसऱ्या टप्प्यात ती घडवण्यासाठी. हे कर्ज नव्हे, आणि कंपनीच्या मालकीत वाटाही मागितला जात नव्हता. पुढे काही घटकराज्यांनी त्यावर आपला पैसा जोडायला सुरुवात केली. केंटकी आणि नॉर्थ कॅरोलिना ही त्यांतली ठळक नावे. केंद्राने एखाद्या कंपनीचा प्रस्ताव निवडला, की राज्य आपली रक्कम त्यात घाली. केंटकीने तर बाहेरच्या राज्यांतील कंपन्यांनाही, आमच्याकडे या आणि जोड घ्या, असे आमंत्रण दिले.

येथे एक गोष्ट नीट पाहावी. जोड लागत होती ती केंद्राच्या पैशाला. अर्जदाराच्या घरात किती सोने आहे, हा प्रश्न या हिशेबात येत नव्हता. निवड व्हायची ती कागदावरच्या कल्पनेची.

म्हणून ही व्यवस्था न्याय्य होती, असे मात्र मी म्हणणार नाही. अल्पसंख्य आणि वंचित गटांचा तंत्रज्ञानातील सहभाग वाढवणे, हे १९८२ च्या कायद्याचेच एक उद्दिष्ट होते. त्या उद्दिष्टाबाबत ही योजना तोकडी पडली, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमीच्या पाहण्यांनीच नोंदवले आहे. प्रस्ताव लिहायला प्रयोगशाळा लागते, विद्यापीठात ओळख लागते, पगाराविना सहा महिने काढता यावे लागतात. काळ्या कुटुंबातल्या पहिल्या पदवीधराकडे हे कोठून येणार? शिवाय जोड ही जोडच असते. ३० सप्टेंबर २०२५ रोजी त्या कायद्याची मुदत न वाढवता संपली, तेव्हा नव्या निवडीच थांबल्या. ज्या पैशाला जोडायचे तोच नसेल, तर राज्याची तिजोरी उघडी असून काय उपयोग?

आता महाराष्ट्रात येऊ. ५ एप्रिल २०१६ रोजी केंद्राने स्टँड-अप इंडिया योजना सुरू केली. प्रत्येक बँक शाखेने किमान एका अनुसूचित जातीच्या वा जमातीच्या आणि एका स्त्री उद्योजकाला दहा लाख ते एक कोटी रुपये कर्ज द्यावे, असे तिचे सूत्र होते. महाराष्ट्र शासनाच्या समाजकल्याण विभागाने अनुसूचित जाती आणि नवबौद्ध अर्जदारांसाठी तिला जोड दिली. बँकेचे कर्ज ७५ टक्के, राज्याचे अनुदान १५ टक्के, अर्जदाराचा स्वहिस्सा १० टक्के. पत्रकात हे आकडे एका ओळीत शेजारी शेजारी बसतात. प्रत्यक्षात ते एकामागून एक रांगेत उभे असतात. आधी अर्जदाराने दहा टक्के दाखवायचे, मग बँकेने मंजुरी द्यायची, आणि त्यानंतर राज्याचे पंधरा टक्के हलायचे.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याने या रांगेत अकरा महिने काढले. बी.कॉम. अर्धवट सोडून तो आयटीआयला गेला होता, एका कारखान्यात सहा वर्षे सीएनसी मशीन चालवत होता. मशीनचे काम हाताला इतके बसलेले, की आवाजावरून टूल झिजले हे तो ओळखतो. प्रकल्प २४ लाखांचा. म्हणजे बँकेचे १८ लाख, राज्याचे ३ लाख ६० हजार, आणि त्याचे स्वतःचे २ लाख ४० हजार. त्याची आणि भावाची शिल्लक मिळून नव्वद हजार झाले. उरलेले दीड लाख महिना तीन टक्क्यांनी खाजगी सावकाराकडून आणून खात्यात ठेवले, कारण शाखेला रक्कम खात्यात दिसायला हवी होती. महिन्याला साडेचार हजार व्याज. अकरा महिन्यांत ४९,५०० रुपये. तो मला एकदा म्हणाला, "सर, सरकारचे पंधरा टक्के आहेत हो, पण ते माझ्या दहा टक्क्यांच्या पाठीमागे तोंड लपवून उभे आहेत."

शाखेने त्याच्याकडे तारणही मागितले. या कर्जांसाठी केंद्राचा स्वतंत्र पतहमी निधी होता. पण तारण घ्यायचे की हमी निधीवर भागवायचे, हे ठरवणे बँकेवर सोडलेले होते. आमच्या वस्तीतल्या घराला सात-बारा कोठला? शेवटी जामीन म्हणून मी सही केली. माझा पगार हेच त्याचे तारण झाले. शाखेत बसलेला अधिकारी वाईट माणूस नव्हता. चहा पाजून त्याने नियम समजावून सांगितला.

एकट्याच्या अनुभवावरून सिद्धांत काढू नये, म्हणून आकडे पाहिले. योजना सुरू झाली तेव्हा सव्वा लाख शाखांचा हिशेब मांडला गेला होता. शाखेमागे एक, म्हणजे अनुसूचित जाती-जमातींची किमान सव्वा लाख खाती व्हायला हवीत. मार्च २०२४ पर्यंत, आठ वर्षांत, अनुसूचित जातींची ४६,२४८ आणि जमातींची १५,२२८ खाती झाली. बेरीज ६१,४७६. निम्मीसुद्धा नाहीत. त्याच काळात स्त्रियांची १,९०,८४४ खाती उघडली गेली. त्याचा आनंदच आहे. पण त्यांतल्या आपल्या स्त्रिया किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

बाबासाहेबांचा ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. केंद्राने प्रांताला ठरावीक रक्कम द्यायची, की महसुलाची बाब सोपवायची, की महसूल वाटून घ्यायचा, याचे टप्पे त्यांनी त्यात उलगडले आहेत. आपले विद्यार्थी तो ग्रंथ जयंतीच्या यादीत वाचतात, वर्गात वाचत नाहीत. पैसा कोणत्या अटीने बांधला आहे हे कारकुनी तपशिलाचे काम नव्हे, एवढे तरी त्यावरून उमजावे.

मागणी करायची तर अनुदान वाढवा एवढीच करून भागणार नाही. क्रम उलटा करा, ही मागणी हवी. राज्याने आपल्या पंधरा टक्क्यांची मंजुरी आधी द्यावी आणि ते पत्र हातात घेऊन अर्जदाराने बँकेत जावे. स्वहिस्सा रोखीतच का मोजायचा? सहा वर्षांचे कसब आणि पहिल्या वर्षाची स्वतःची मजुरी यांनाही किंमत आहे. आणि बँकेने नकार दिला तर तो कारणासह लेखी घ्यावा, तोंडी घेऊन परतू नये. तोंडी नकाराची मोजदाद कोठल्याही तक्त्यात होत नाही. १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात पहिल्यांदा उद्योग करणाऱ्या पाच लाख स्त्रिया, अनुसूचित जाती आणि जमातींच्या उद्योजकांसाठी दोन कोटींपर्यंतच्या मुदत कर्जाची नवी योजना जाहीर झाली. तिच्यातही स्वहिस्स्याचे कलम आधी वाचावे.

माझ्या विद्यार्थ्याचे मशीन आता एका भाड्याच्या शेडमध्ये चालते. हप्ते वेळेवर जातात. परवा तो आणखी एक मशीन घ्यायचे म्हणून विचारायला आला होता. जुनी योजना फक्त पहिल्या उद्योगासाठी होती, आणि नवी पहिल्यांदा उद्योग करणाऱ्यांसाठी जाहीर झाली आहे. पुन्हा जामिनाचा अर्ज भरायला आम्ही दोघे सोमवारी जाणार आहोत.