बोट धक्क्याला लागते तेव्हा

एप्रिल २०२०. वेरावळच्या मासेमारी बोटींवर कामाला गेलेले डहाणू-तलासरीचे खलाशी घराकडे निघाले होते, पण नारगोळच्या किनाऱ्यावर त्यांना उतरू देईनात. गाव तासाभराच्या अंतरावर आणि माणसं पाण्यात. ज्या विषाणूच्या धास्तीनं हे चाललं होतं, त्याचीही गरज तीच असते. नुसतं किनाऱ्याशी येऊन भागत नाही, बोट बांधायला धक्का लागतो.

कोरोनाला आपल्या पेशीवर मिळणाऱ्या धक्क्याचं नाव एसीई-२. हे ८०५ अमिनो आम्लांचं प्रथिन २००० साली सापडलं, तेव्हा विषाणू कुणाच्या मनातही नव्हता. अभ्यास चालला होता हृदयाचा आणि रक्तदाबाचा. २००३ मध्ये सार्सची साथ आली आणि मायकेल फार्झन यांच्या अमेरिकेतल्या गटानं दाखवलं, की सार्सच्या विषाणूवरचा काटा, म्हणजे स्पाइक प्रथिन, इथंच अडकतो. पुढं कोविडच्या विषाणूनं हीच जागा धरली, जास्त घट्ट.

एसीई-२ला स्वतःचा धंदा आहे, आणि लोक नेमकं तेच विसरतात. अँजिओटेन्सिन-२ हा आठ अमिनो आम्लांचा छोटासा तुकडा रक्तवाहिन्या आवळतो, दाह भडकवतो. एसीई-२ त्याचं शेवटचं एक अमिनो आम्ल छाटतं. उरलेला सातांचा तुकडा उलट वागतो, वाहिन्या सैल करतो. एवढीशी कातरी, पण फुफ्फुसं तिच्यावर विसंबून असतात.

विषाणू पेशीत शिरतो तेव्हा ही कातरीही आत ओढली जाते. बोटीनं जाताना धक्काच उपटून न्यावा, तसं. योसेफ पेनिंगर यांच्या गटानं २००५ मध्ये उंदरांवर दाखवलं, की सार्सचा नुसता काटा टोचला, विषाणू नव्हेच, तरी एसीई-२ घटतं आणि आधीच दुखावलेलं फुफ्फुस आणखी बिघडतं. वायुकोश मिटू नयेत म्हणून साबणासारखा द्रव पाझरणाऱ्या पेशींवरच एसीई-२ असतं. त्या पेशी मेल्या, वाहिन्या गळू लागल्या, की हवेच्या जागी पाणी भरतं.

तरी सगळा दोष धक्क्यावर ढकलू नये. एनएल-६३ नावाचा साध्या सर्दीचा कोरोनाही याच धक्क्याला लागतो आणि बहुतेकांना शिंका देऊन निघून जातो.

डहाणूत आयसीएमआरचं ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे, मुंबईच्या प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या देखरेखीखालचं. साथीत तिथं कोविडचे नमुने तपासले गेले. नाकात इतकी खोल काडी कशाला, म्हणून लोक वैतागायचे. नाकाच्या आतल्या अस्तरातही एसीई-२ असलेल्या पेशी आहेत. विषाणूचा पहिला मुक्काम तिथं.

त्याच दिवसांत बोर्डीच्या आमच्या मामांनी टेल्मिसार्टनची पट्टी कपाटात टाकली. व्हॉट्सॲपवर आलं होतं, की बीपीच्या गोळ्यांनी एसीई-२ वाढतं, म्हणजे कोरोनाला दारं वाढतात. शंका अगदीच खुळी नव्हती, शास्त्रज्ञांनीही ती काढली होती. पण ही गोळी अँजिओटेन्सिन-२चाच हात धरते, हे निरोप पाठवणाऱ्यानं गाळलं होतं. ब्राझीलमध्ये अशा गोळ्या घेणाऱ्या ६५९ रुग्णांवर चाचणी झाली, निम्म्यांच्या बंद, निम्म्यांच्या चालू. जानेवारी २०२१ मध्ये निकाल छापून आला: बंद करून काही फायदा नाही. मामांचा दाब तोवर एकशेऐंशीला टेकून आला होता आणि मामीनं पट्टी कपाटातून काढून चहाच्या डब्याशेजारी ठेवली होती.