गोष्ट ऐकवू नका, लिहा!

आपल्या चित्रव्यवसायात गोष्ट लिहिण्यापेक्षा ऐकवण्याचीच चाल मोठी. निर्मात्याच्या कचेरीत चहा येतो, दार लोटले जाते आणि लेखक म्हणवणारा गृहस्थ हात हवेत फेकीत, मध्येच आवाज चढवीत, मध्येच डोळ्यांत पाणी आणीत दोन तास सारा चित्रपट तोंडाने उभा करतो. नायक तोच, नायिका तोच, खलनायक तोच आणि पार्श्वसंगीतही तोच! समोरचे शेटजी रंगात आले की मांडीवर थाप पडते आणि काम फत्ते होते. या प्रकाराला आता 'नॅरेशन' असे भारदस्त नाव मिळाले आहे. शेटजींच्या खुर्चीवर मोठ्या कंपन्यांचे तरुण अधिकारी आले, पंख्याच्या जागी गार हवेचे यंत्र आले. गोष्ट मात्र पुष्कळ ठिकाणी अजून कानांनीच विकत घेतली जाते.

कीर्तनकारांच्या आणि शाहिरांच्या या मुलखात सांगण्याची कला कमी नाही, आणि ती वाईट आहे असेही मला म्हणायचे नाही. पण पटकथा लिहू पाहणाऱ्या नव्या मुलामुलींना मी पहिली सूचना देतो ती हीच की, बाबांनो, गोष्ट ऐकवण्यापूर्वी ती पुरी लिहून काढा. याला कारणे दोन. एक कलेचे आणि दुसरे पोटाचे. दोन्ही सारख्याच महत्त्वाची आहेत.

पुण्यात अशी पाच-सहा मंडळी दर रविवारी सकाळी एका घराच्या गच्चीवर जमतात. एक बँकेत आहे, एक औषधांच्या दुकानात बसतो, एक बाई शाळेत भूगोल शिकवतात, दोघे नुकतेच महाविद्यालयातून बाहेर पडले आहेत. मी वयाने वडील म्हणून त्यांचा 'काका' झालो आहे. प्रत्येकाने लिहून आणलेली पाने इतरांनी मोठ्याने वाचायची आणि ज्याची पाने असतील त्याने तोंडातून चकार शब्द काढायचा नाही, हा तेथील एकमेव नियम. हा नियम किती कठोर आहे हे त्यात बसल्यावाचून कळायचे नाही. आपले वाक्य दुसऱ्याच्या तोंडी अडखळते तेव्हा लेखकाच्या पोटात कालवाकालव होते. पण मध्ये पडून "अहो, तसे नव्हे, मला असे म्हणायचे होते," असे सांगायची सोय नाही. पडद्याआड उभे राहून प्रेक्षकांना तरी तो थोडाच सांगणार आहे!

औषधांच्या दुकानातल्या आमच्या मित्राने एकदा एक गोष्ट अशी काही ऐकवली की आम्ही सारे गहिवरून गेलो. एका प्रौढ कारकुनाची नोकरी जाते आणि तो ते घरी सांगत नाही. "आतल्या आत तो पार मोडून जातो, काका!" असे म्हणताना त्याचा स्वतःचाच गळा दाटून आला. पुढच्या रविवारी पाने आली. पानावर वाक्य होते, 'तो आतून मोडला आहे.' शाळेतल्या बाईंनी ते वाचले आणि शांतपणे विचारले, "अरे, कॅमेरा ठेवायचा कुठे? याच्या आत?"

सगळे हसले, पण पटकथेचे सारे व्याकरण त्या प्रश्नात आले. कादंबरीकाराला मनात शिरण्याची मुभा आहे. पटकथाकाराच्या हाती दोनच गोष्टी, जे दिसते ते आणि जे ऐकू येते ते. आमचा मित्र रुसला नाही. त्याने ती पाने पुन्हा लिहिली. आता तो कारकून रोज नेमक्या वेळी डबा घेऊन बाहेर पडतो, सारसबागेत बाकावर बसतो, एक वाजता डबा खातो आणि वेळ जाता जात नाही म्हणून नळावर तो स्वच्छ धुऊन ठेवतो. संध्याकाळी बायको डबा उघडते आणि क्षणभर थांबते. इतक्या वर्षांत कचेरीतून डबा कधी धुऊन आलेला नाही! ती काही बोलत नाही. दुसऱ्या दिवशी एक पोळी जास्त घालते. झाले! 'आतून मोडला आहे' हे वाक्य गेले आणि माणूस मोडलेला दिसू लागला. ही जादू ऐकवताना सुचली नसती, कारण ऐकवताना गळा दाटून येतो आणि गळ्याच्या आड गोष्टीतली भोके झाकली जातात. कागदाला गळा नसतो.

पटकथा हा कागद वाङ्मयीन खरा, पण तो कामाचाही कागद आहे, हे नवा लेखक विसरतो. प्रत्येक दृश्याच्या माथ्यावर तीन गोष्टी लिहायच्या: आत की बाहेर, जागा कोणती, दिवस की रात्र. या कोरड्या ओळीवरून निर्मितीची माणसे दिवस मोजतात, जागा ठरवतात, दिवे मागवतात. लेखकाने सहज 'बाहेर, रात्र' असे लिहिले की दिव्यांच्या गाड्या निघतात, जनित्र धडधडू लागते आणि शंभर माणसांच्या जेवणाची सोय करावी लागते. तोच प्रसंग संध्याकाळी घरात घडला तर चालेल काय, हा प्रश्न लेखकाने लिहितानाच स्वतःला विचारलेला बरा. नाही तर तो दुसरा कोणी विचारील आणि त्याचे उत्तरही तोच देईल. अमेरिकेत ठराविक टंकात छापलेले एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट असा ठोकताळा आहे. देवनागरीत अक्षराच्या आकाराप्रमाणे हे माप बदलते. पण आपले एक पान किती वेळ चालते, हे ज्याने त्याने घड्याळ लावून एकदा पाहून ठेवावे.

आता हत्यारांविषयी. रविवारच्या बैठकीत सर्वांत जास्त वाद होतो तो यावरच. शाळेतल्या बाई जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर एकेक प्रसंग लिहितात आणि गच्चीवरच्या दोरीला चिमट्यांनी अडकवतात. मधला प्रसंग आधी आणायचा तर चिमटा काढला की काम झाले! बँकेतले गृहस्थ बसमध्ये भ्रमणध्वनीवर संवाद बोलून ठेवतात. शेजारचा उतारू दचकतो तो वेगळाच. तरुण मंडळी संगणकावर लिहितात. 'फायनल ड्राफ्ट', 'सेल्टेक्स' अशी पटकथेसाठीच बनवलेली साधने आहेत. समास, पात्रांची नावे, दृश्यांचे क्रमांक ती आपोआप जागच्या जागी बसवतात. मात्र ही साधने घडली ती इंग्रजी लिपी डोळ्यांपुढे ठेवून. मुंबईत हिंदी संवाददेखील रोमन अक्षरांत लिहिण्याची चाल सर्रास पडली आहे. माझे मत विचाराल तर मराठी संवाद देवनागरीतच लिहावा. 'बाळ' आणि 'बाल', 'पाणी' आणि 'पानी' यांतला फरक रोमन लिपीत वाहून जातो आणि नटाच्या जिभेवर तो पुन्हा चढवता चढवता दिग्दर्शकाच्या नाकी नऊ येतात.

पण हत्यारावर फार भिस्त ठेवू नये. सत्यजित राय यांच्यापाशी यांतले काही नव्हते. बंगाली दुकानदार हिशेबाला वापरतात तसल्या लाल कापडी बांधणीच्या खेरोर खात्यांत ते पटकथा लिहीत. संवाद, कॅमेऱ्याची जागा, वेषभूषा, संगीताची टिपणे, सारे एकाच वहीत. 'पथेर पांचाली' (1955) साठी तर त्यांनी रूढ पद्धतीची पटकथा न लिहिता चित्रे आणि टिपणे यांची एक वही केली होती. ती वही त्यांनी पुढे पॅरिसच्या सिनेमातेक फ्रान्सेज या संस्थेला दिली. म्हणजे जगातल्या एका थोर चित्रपटाचे जन्मटिपण साध्या वहीत होते. पण होते ते कागदावर, हे ध्यानात ठेवावे.

मराठी लेखकाला हा प्रांत परका नाही. आचार्य अत्र्यांनी 'ब्रह्मचारी' (1938) लिहिला, ग. दि. माडगूळकरांनी 'दो आँखें बारह हाथ' (1957) लिहिला, विजय तेंडुलकरांना 'मंथन' (1976) च्या पटकथेबद्दल राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. यांत 'श्यामची आई' चे उदाहरण मला फार बोलके वाटते. त्या पुस्तकात श्याम रात्रीमागून रात्र आपल्या सोबत्यांना आईच्या आठवणी सांगतो. म्हणजे मूळ बाज सांगण्याचाच! पण साने गुरुजींनी ते सांगणे कागदावर उतरवले, अत्र्यांनी त्यातून दृश्ये उभी केली आणि 1953 च्या त्या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, 1954 मध्ये, राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. शिकाऊ लेखकाने पुस्तक एका बाजूला आणि चित्रपट दुसऱ्या बाजूला ठेवून प्रसंगांची यादी करावी. काय घेतले, काय गाळले, कशाची जागा बदलली, हे पाहावे. असा गुरू फुकट मिळत असता वर्गाची वाट कशाला पाहायची?

आता दुसरे कारण, पोटाचे. दिल्लीचे आर. जी. आनंद यांनी 1953 मध्ये 'हम हिंदुस्तानी' हे नाटक लिहिले. प्रांतीयतेच्या भिंती आणि दोन प्रेमी जीव असा विषय. त्यांनी ते नाटक चित्रपट-दिग्दर्शक मोहन सेहगल यांना वाचून दाखवले. 1956 मध्ये सेहगल यांचा 'न्यू दिल्ली' आला आणि आपल्या नाटकाची ती नक्कल आहे असे आनंद यांना वाटले. खटला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1978 मध्ये आनंद हरले. न्यायालयाने सांगितले ते प्रत्येक होतकरू लेखकाने भिंतीवर लावून ठेवावे असे आहे: कल्पनेवर, विषयावर, कथासूत्रावर कोणाचा स्वामित्वहक्क नसतो, हक्क असतो तो ती कल्पना ज्या रूपात मांडली त्या रूपावर.

याचा अर्थ उघड आहे. आनंदांपाशी निदान लिहिलेले नाटक होते आणि त्यांनाही ते साधले नाही. मग ज्याच्यापाशी नुसती ऐकवलेली 'वन लाइन' आहे त्याने कोणत्या तोंडाने न्याय मागायचा? प्रसंग, त्यांचा क्रम, पात्रे आणि संवाद जितके तपशिलाने कागदावर असतील तितके ते तुमचे. मुंबईची स्क्रीनरायटर्स असोसिएशन, म्हणजे पूर्वीची फिल्म रायटर्स असोसिएशन, आपल्या सभासदांची कथा-पटकथा नोंदवून घेते. नोंदणीने चोर थांबत नाही. पण अमुक दिनांकाला हे लेखन तुमच्यापाशी होते याचा पुरावा राहतो. 2012 च्या दुरुस्तीने कायद्यात आणखी एक आधार आला. चित्रपटगृहातले प्रदर्शन वगळता इतर मार्गांनी चित्रपटातल्या लेखनाचा जो वापर होईल, त्याच्या मानधनातला लेखकाचा वाटा आता त्याच्याकडून लिहून काढून घेता येत नाही. पण करारावर सही करण्यापूर्वी तो वाचायला कायदा येत नाही, तो आपणच वाचायचा असतो.

नावासाठीही झगडावेच लागते. 'जंजीर' (1973) च्या जाहिरातींवर लेखकांचे नाव नव्हते, तेव्हा सलीम-जावेद यांनी एक रंगारी गाठून मुंबईतल्या भिंतींवरच्या चित्रांवर आपली नावे रंगवून घेतली. हा किस्सा त्यांनीच मुलाखतींतून सांगितला आहे. लोक त्यावर हसतात. पण त्या रंगाच्या डब्यामागे लिहिलेली भक्कम पटकथा होती, म्हणून तो रंग टिकला.

मग लिहायचे केव्हा? बँकेतले आमचे मित्र पहाटे पाचला उठून दोन पाने लिहितात. चांगली की वाईट, हे त्या वेळी पाहत नाहीत. रोज दोन म्हणजे साठ दिवसांत एकशे वीस पाने, म्हणजे चित्रपटाचा पहिला खर्डा! हा बँकेचाच हिशेब आहे आणि तो चुकत नाही. खर्डा वाईट असेल तर सुधारता येतो. नसेलच तर सुधारायचे काय?

दिवाळीत आपल्याकडे व्यापारी नव्या चोपडीची पूजा करतात. वर्षभर तोंडी व्यवहार कितीही झाला तरी लक्ष्मीपुढे मांडतात ती लिहिलेली वही. तोंडी हिशेबाची पूजा केल्याचे मी तरी ऐकले नाही. पटकथा लिहू पाहणाऱ्यांनो, यंदा बाजारात गेलात की एक चोपडी तुम्हीही आणा. रायबाबूंना ती चालली, तुम्हालाही चालेल. हळदकुंकू वाहा आणि त्याच रात्री पहिल्या पानावर पहिली ओळ लिहून टाका: आत की बाहेर, जागा कोणती, दिवस की रात्र.