जुन्या मोटरसायकलीचे आवाज व त्यांची परीक्षा

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या गोठ्याशेजारीं आतां एक जुनी मोटरसायकल उभी असते. नव्या गाडीचे हप्ते नकोत म्हणून, किंवा वडिलांच्या वेळची वस्तु म्हणून, ती टिकविली जाते; आणि डेअरीवर दूध घालणें, औषधाचा पंप शेतावर नेणें, तालुक्याच्या कचेरींत खेपा घालणें हीं सर्व कामें तिजकडून घेतलीं जातात. अशी गाडी बंद पडण्यापूर्वीं बहुधा आवाज करूं लागते. तो आवाज कशाचा हें ओळखतां न आल्यामुळें एक तर निरुपद्रवी खटखटीसाठीं इंजिन उघडलें जाऊन पैसे जातात, नाहीं तर घातक आवाजाकडे दुर्लक्ष होऊन इंजिनच जातें. हे दोन्ही प्रकार आमच्या समोर घडले असून त्यांपैकीं एकांत आमचाही दोष होता. तो पुढें येईलच.

उदाहरणादाखल हीरो होंडा सीडी १०० ही गाडी घेऊं. ती १९८५ सालीं निघाली, व १९९४ सालीं आलेल्या स्प्लेंडरचें इंजिनही त्याच घराण्यांतलें आहे. यामुळें खेडोपाडीं दिसणाऱ्या लहान गाड्यांपैकीं बऱ्याच मोठ्या भागास हें विवेचन लागू पडावें. इंजिन एका सिलिंडरचें, फोर-स्ट्रोक जातीचें व ९७.२ घन सेंटिमीटर मापाचें आहे. सिलिंडर जवळजवळ आडवा असतो. त्यांत पिस्टन मागेंपुढें धांवतो, कनेक्टिंग रॉड त्या धांवेचें क्रँकच्या फिरण्यांत रूपांतर करतो, आणि क्रँकवरून डाव्या बाजूनें गेलेली टायमिंग चेन हेडमधील कॅमशाफ्ट फिरविते. कॅममुळें टॅपेट हलतात व व्हॉल्व्ह उघडतात. येथें एक गोष्ट ध्यानांत धरावी: क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हां कॅमचा एक होतो. गाडी उभी असतां इंजिन मिनिटास सुमारे १४०० फेरे करीत असेल तर टॅपेटचा ठोका मिनिटास ७०० वेळां पडतो, आणि क्रँककडील ठोका १४०० वेळां. हे ठोके मोजतां येत नाहींत हें खरें, तथापि विरळ आवाज कोणता व दाट कोणता हा भेद थोड्याशा सरावानें कानास कळूं लागतो.

आमची उमेद महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली. अर्जांत तक्रार कांहींही लिहिलेली असो, जागेवर जाऊन पाहिल्यावांचून अहवाल करूं नये, हें तेथें शिकलों. गाडीच्या बाबतींतही प्रथम जाबजबाब घ्यावेत. आवाज इंजिन थंड असतां येतो कीं तापल्यावर? उभ्या गाडींत येतो कीं ओझें घेऊन चढ चढतांना? मूठ पिळल्यावर वाढतो कीं सोडल्यावर? क्लच दाबल्यानें बदलतो काय? सपाट व निर्जन रस्त्यावर मंद वेग असतां न्यूट्रल करून इंजिन बंद करावें. तरीही आवाज चालूंच राहिला तर तो इंजिनाचा नव्हे. चाकाचे बेअरिंग, ब्रेकचे लायनर किंवा चेन यांचा आहे. एवढ्या एका परीक्षेनें निम्मा संशय फिटतो.

पुढें बाहेरचे भाग हातानें दाबून पाहावे. नंबरप्लेट, सायलेन्सरवरचा पत्रा, इंजिन चेसिसला धरणारे बोल्ट, चेनकव्हर, यांपैकीं कांहींही सैल झालें असतां असा खडखडाट होतो कीं जणूं इंजिन फुटलें. सैल चेन कव्हरवर आपटते तेव्हां गाडी सुटतांना व मूठ सोडतांना खाडखाड असा आवाज येतो. हें सर्व उरकल्यावरच इंजिनाकडे वळावें. एक लांब पेंचकस घेऊन त्याचें टोंक इंजिनाच्या निरनिराळ्या भागांवर टेकवावें व मूठ कानाजवळच्या हाडास लावावी. वैद्याच्या नळीप्रमाणें आवाजाची जागा त्यांतून बरीच स्पष्ट होते. असें करतांना धोतराचा सोगा किंवा उपरण्याचें टोंक चेनजवळ जाऊं देऊं नये, आणि इंजिन बंद खोलींत चालवूं नये. त्या धुरांत जो विषारी वायु असतो त्यास रंग नाहीं व वासही नाहीं.

हेडवर टकटक असा हलका, विरळ व नियमित आवाज आला तर तो बहुधा टॅपेटचा समजावा. टॅपेट व व्हॉल्व्ह यांच्यामध्यें अगदीं बारीक फट मुद्दाम ठेवलेली असते. गाडीच्या पुस्तिकेंत दिलेला तिचा आकडा मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असतो. झिजेनें ती वाढली कीं आवाज वाढतो. इंजिन पूर्ण थंड असतां, पिस्टन दाबाच्या शेवटच्या टोंकास आणून, फीलर गेजच्या पातळ पट्टीनें ही फट बसवितात. काम अर्ध्या तासाचें आहे. परंतु येथें आमच्या शेतकरी बंधूंची एक चुकीची समजूत आहे. आवाज अगदीं बंद करून द्या, असा मिस्त्रीपाशीं आग्रह धरला जातो, व गिऱ्हाईक खूष राहावें म्हणून तोही टॅपेट आवळून देतो. मग व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर पूर्ण बसत नाहीं. जळालेल्या वायूचा ताव घेणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता त्या बैठकीतूनच बाहेर टाकीत असतो. ती वाट बंद झाली कीं त्याची कड जळते, कॉम्प्रेशन जातें, व सकाळीं वीस किका मारूनही गाडी सुरू होत नाहीं. थोडा वाजणारा टॅपेट चालेल, परंतु आवळलेला चालणार नाहीं.

टॅपेटसारखाच टकटक आवाज आणखी एका कारणानें होतो, व त्यांत आम्ही स्वतः फसलों आहों. आमच्या वापरलेल्या घेतलेल्या गाडीचा असा आवाज कांहीं केल्या जाईना. टॅपेट दोनदां बसविले. शेवटीं एका कारागिरानें हेड उतरवून व्हॉल्व्ह घांसले, नवें पॅकिंग टाकलें व बिल हातीं दिलें. आवाज तसाच. पुढें एके दिवशीं गाडी धुतांना, सायलेन्सरचा पाइप हेडला मिळतो तेथें काजळीचा काळा पट्टा आमच्या दृष्टीस पडला. जोडावरची रिंग गेली होती, आणि प्रत्येक ठोक्यास तेथून वायु फटकन बाहेर पडत होता. रिंग बदलली व आवाज गेला. ओळखण्याची खूण अशी कीं थंड इंजिन सुरू करून जोडाजवळ, न चिकटवितां, तळहात धरावा, फुंकर लागते. पाइप लौकरच तापतो, म्हणून ही परीक्षा पहिल्या अर्ध्या मिनिटांतच उरकावी.

डाव्या बाजूनें साखळी खुळखुळल्यासारखा आवाज येत असेल, आणि मूठ पिळून एकदम सोडली असतां तो अधिक होत असेल, तर टायमिंग चेन सैल झाली आहे किंवा तिची रबरी चाकें झिजलीं आहेत. तिचा ताण आपोआप राखण्याची व्यवस्था असते, तरी ती कायमची नव्हे. चेन फार सैल होऊन दांता सोडला तर व्हॉल्व्हच्या उघडण्याची वेळच चुकते. उजव्या बाजूस, न्यूट्रलमध्यें क्लच दाबतांच नाहींसा होणारा खडखडाट क्लचचा असतो. त्याची घाई नाहीं.

थंड इंजिनांत पोकळ, टपटप असा आवाज येऊन चारदोन मिनिटांत गाडी तापतांच तो मावळला, तर पिस्टन सिलिंडरमध्यें थोडा सैल झाला आहे. धूर वाढला नसेल व ऑइल खपत नसेल तर ही गाडी पुष्कळ दिवस काढते. चढावर, वरच्या गिअरमध्यें, मूठ बरीच पिळली असतां डब्यांत खडे हलविल्यासारखा बारीक खणखणाट ऐकूं येतो, तो निराळा. तेथें पेट्रोल वेळेच्या आधीं किंवा भलत्या रीतीनें पेट घेत असतें. रॉकेलची भेसळ, पिस्टनच्या डोक्यावर सांचलेली काजळी, फार तापलेलें इंजिन हीं त्याचीं कारणें. खालचा गिअर टाकावा, आणि पेट्रोलचा पंप बदलून पाहावा. येथें उंसाच्या बागाइतदारांस एक गोष्ट सांगण्यासारखी आहे कीं, आतां पेट्रोलमध्यें २० टक्केपर्यंत इथेनॉल मिसळतात, तें या खणखणाटाचें कारण नव्हे. इथेनॉल उलट असा आवाज दाबतें. त्याची खोड वेगळी आहे. तें पाणी ओढतें, व पावसाळ्यांत महिना महिना उभ्या राहिलेल्या गाडीच्या टांकीच्या तळाशीं पाणी सांचून इंजिन अडखळतें, सायलेन्सरमध्यें फटफट होते.

आतां तो एक आवाज, ज्याच्यासाठीं हा लेख मुख्यतः लिहिला. इंजिनाच्या खालच्या अंगाकडून येणारा जड, खोल, ठोक-ठोक असा दाट आवाज. थंड असो कीं गरम, जात नाहीं. ओझें पडलें कीं वाढतो. आणि पायाखालच्या फुटरेस्टलाही जाणवतो. हा कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोंकाच्या बेअरिंगचा आवाज होय. आमच्या शेजारच्या एका शेतकऱ्यानें आपली गाडी आम्हांस दाखविली होती. सोयाबीनच्या पेरणीचे दिवस होते. आम्हीं उभ्या उभ्या ऐकलें, आणि पेंचकस न लावतां, ऑइलची काडी न पाहतां, टॅपेट असेल, पेरणी होऊं द्या, असें सांगितलें. नवव्या दिवशीं तालुक्याहून बी घेऊन येतांना रॉड तुटला. मागचें चाक जागच्या जागीं आवळलें, व गाडी चालविणारा त्याचा मुलगा डांबरावर पडून हाताचें हाड मोडलें. इंजिनाच्या केसला मूठभर भोंक पडलें होतें. त्यांतून पडलेलें ऑइल वाटीभरही नव्हतें. त्या गृहस्थानें आम्हांस एका शब्दानेंही दोष दिला नाहीं.

असा आवाज ऐकतांच गाडी उभी करावी व टेंपोंतून न्यावी. खात्री करावयाची तर मॅग्नेटोचें झांकण काढून प्लग उतरवावा आणि फ्लायव्हील दोन्ही बाजूंस हलकेच हलवावें. फ्लायव्हील हललें पण पिस्टन क्षणभर मागें राहून टक् करून निघाला, तर संशय दृढ होतो. रॉडला आडवी थोडी हालचाल असणें स्वाभाविक आहे, वरखालीची मुळींच नसावी. या इंजिनांत क्रँक दाबून जोडलेला असतो. तो प्रेसवर उघडून नवा रॉड बसवावा लागतो व पुन्हां सरळ करावा लागतो, यासाठीं लेथ असलेला कारागीरच गांठावा, चौकांतील हातोडीवाला नव्हे.

ऑइल सुमारें पाऊण ते एक लिटर एवढेंच असतें, म्हणून पावशेर कमी झालें तरी त्याचा परिणाम मोठा. पाहण्याची रीत अशी: इंजिन दोनतीन मिनिटें चालवून बंद करावें, गाडी मधल्या स्टँडवर सपाट जागीं सरळ उभी करावी, काडी पुसावी, व आटे न फिरवतां नुसती टेकवून पाहावी. दर रविवारीं, बैल धुतात त्या वेळीं, आम्ही आतां हें करतों.

ज्यांच्याकडे अद्याप राजदूत १७५ आहे त्यांनीं मात्र वरील टॅपेटचें प्रकरण सोडून द्यावें. मूळ पोलंडांतील एसएचएल गाडीवरून घेतलेलें तें टू-स्ट्रोक इंजिन आहे. त्यांत व्हॉल्व्ह नाहींत, टॅपेट नाहींत, आणि ऑइल पेट्रोलांतच मिसळावें लागतें. तेथील बारीक किणकिण बहुधा रॉडच्या लहान टोंकाच्या बुशाची किंवा रिंगांची असते. कोणी राजदूतचे टॅपेट बसवून देतों म्हणाला, तर गाडी ढकलीत कां होईना, परत घरीं आणावी.