आधी सॉफ्टवेअर, मग लॅपटॉप

रोगपरीक्षणावाचून औषधयोजना करू नये, हे वैद्यबंधुभगिनींना सांगावयास नको. लॅपटॉपची खरेदी मात्र आपल्यापैकी अनेक जण दुकानातील जाहिरातपत्रक पाहूनच करतात. वास्तविक प्रथम आपण नित्य वापरतो त्या सॉफ्टवेअरची यादी करावी : रुग्णनोंदी, औषधविक्रीची बिले, टॅली, मराठी टंकलेखन. नंतर प्रत्येकाच्या निर्मात्यास ‘हे विंडोज ११ वर चालते काय?’ एवढेच विचारावे.

हा प्रश्न आता टाळता येण्याजोगा राहिलेला नाही. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-सेवा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. विंडोज ११ ही केवळ ६४-बिट प्रणाली असून डॉसच्या काळातील १६-बिट सॉफ्टवेअर तिच्यावर थेट चालत नाही. ज्या औषधालयांत बिलांचे असे जुने सॉफ्टवेअर ३२-बिट विंडोजच्या आधाराने अद्याप तग धरून आहे, तेथे खरा धोका यंत्राचा नसून माहितीचा आहे. साठा, उधारी, बॅच क्रमांक, वर्षानुवर्षांच्या रुग्णनोंदी हे सर्व त्यात अडकलेले असते. तेव्हा जुना संगणक चालू आहे तोवरच ही माहिती एक्सेलमध्ये उतरवून घ्यावी व पाच-पन्नास नोंदी मूळ नोंदींशी ताडून पाहाव्यात. निर्मात्याचा आधार तुटलेले सॉफ्टवेअर अन्यथाही महागच पडते. आयुर्वेदीय औषधांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. असा प्रत्येक बदल मग स्वतःच निस्तरावा लागतो.

प्रोसेसर इंटेल वा एएमडीचा घ्यावा. स्नॅपड्रॅगनचे लॅपटॉप वजनाने हलके, बॅटरीही दीर्घकाळ टिकते आणि नेहमीची बहुतेक सॉफ्टवेअर त्यांवर चालतात. परंतु जुन्या प्रिंटरचा किंवा सॉफ्टवेअरसोबत मिळणाऱ्या यूएसबी कुलुपाचा ड्रायव्हर त्या जातीच्या प्रोसेसरसाठी स्वतंत्र बनविलेला नसेल, तर काम अडते.

विंडोज ११ साठी ४ जीबी रॅम व ६४ जीबी साठवण ही किमान अट आहे. ती प्रणाली बसविण्यापुरती, कामासाठी नव्हे! रुग्णनोंदी, टॅली व इंटरनेट एकाच वेळी उघडे ठेवणाऱ्यांनी १६ जीबी रॅम घ्यावी, इतरांस ८ पुरे. रॅम मदरबोर्डवरच जोडलेली असल्यास पुढे वाढविता येत नाही, हे आधीच विचारून घ्यावे. साठवण एसएसडीचीच हवी. स्वस्त यंत्रांतील ६४ जीबी ईएमएमसी अद्ययावतीकरणातच भरून जाते. ‘एस मोड’ असल्यास तो बंद केल्याखेरीज बाहेरचे सॉफ्टवेअर बसत नाही. स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचा आपल्या व्यवसायास काडीचाही उपयोग नाही. ते पैसे बॅकअपच्या हार्ड डिस्कवर खर्च करावेत.

मराठीविषयी एक सूचना. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधील मजकूर तो फॉन्ट नसल्यास वाचता येत नाही. तेव्हा नवे लेखन युनिकोडमध्ये करावे. त्यासाठी मराठी कळफलक विंडोजमध्येच असतो.

राहता राहिला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. नव्या लॅपटॉपला त्याचे समांतर पोर्ट नसते. अशा वेळी दुकानदाराकडून लॅपटॉप प्रत्यक्ष औषधालयात मागवावा, आपले सॉफ्टवेअर बसवून घ्यावे आणि एक पूर्ण बिल छापून पाहिल्यावरच पैसे चुकते करावेत.